विमानाचे अंतर आणि प्रवासाचे खरे तास: हिशोब कोणत्या क्रमाने करायचा

तिकिटावर लिहिलेले असते: मुंबई ०२:३०, लंडन ०७:४०. घरातले कोणीतरी लगेच वजाबाकी करते आणि सांगते, "पाच तास दहा मिनिटांत पोचतील." आई-बाबा त्या विमानात प्रत्यक्षात साडेनऊ तासांहून जास्त बसणार असतात. या चुकीच्या आकड्यावरच मग पुढचे सगळे ठरते: गोळ्या किती वाजता घ्यायच्या, घ्यायला कोणी कधी यायचे, पुढचे विमान मिळेल की नाही. आमच्या नात्यात आणि ओळखीत हे इतक्यांदा झाले आहे की आता कोणी तिकीट काढले की मी कागद-पेन घेऊन बसतो.

आधी एक गोष्ट पक्की करू. 'मुंबईहून लंडन किती लांब?' या एका प्रश्नाला चार वेगवेगळी उत्तरे आहेत. पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर, विमान हवेत असण्याची वेळ, वेळापत्रकातली वेळ आणि घराच्या दारापासून दुसऱ्या घराच्या दारापर्यंतची वेळ. बहुतेक चुका एकाच्या जागी दुसरे वापरल्याने होतात. म्हणून पुढचा क्रम मोडू नका.

## टप्पा १: तयारी

हिशोबाला बसण्याआधी कागदावर एवढे लिहून घ्या: दोन्ही विमानतळांची पूर्ण नावे आणि त्यांची तीन अक्षरी खूण, टर्मिनल, निघण्याची आणि पोचण्याची तारीख, दोन्ही ठिकाणच्या घड्याळांतला त्या तारखेचा फरक, विमानाचा प्रकार आणि मध्ये थांबा आहे का.

शहराचे नाव लिहून भागत नाही. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन आणि सिटी असे वेगवेगळे विमानतळ आहेत. गोव्यात जानेवारी २०२३ पासून दोन झाले: दाबोळी म्हणजे जीओआय आणि पेडणे तालुक्यातले मोपा म्हणजे जीओएक्स. सावंतवाडीच्या माणसाला मोपा हाकेच्या अंतरावर, पण मडगावच्या माणसाला ते चांगलेच लांब. डिसेंबर २०२५ पासून 'मुंबई' म्हणजेही दोन ठिकाणे झाली आहेत. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा नवा. पनवेलच्या बाजूला राहणाऱ्याने सवयीने अंधेरीची टॅक्सी सांगितली, तर त्याची सुरुवातच चुकते.

सावधान: 'थेट' आणि 'नॉनस्टॉप' या दोन शब्दांत फरक आहे. थेट विमानाचा क्रमांक शेवटपर्यंत एकच राहतो, पण ते मध्ये कुठे तरी उतरू शकते. तिकिटावर थांब्यांची संख्या शून्य आहे का ते पाहा.

## टप्पा २: अंतर काढणे

विमानतळांमधले अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून जाणारी सर्वांत आखूड रेषा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर फूटपट्टी ठेवून ते मिळत नाही. सपाट नकाशात उत्तरेकडचा भाग ताणलेला असतो, म्हणून खरी आखूड वाट त्यावर उत्तरेकडे वाकलेली दिसते. ज्यांना पटत नाही त्यांनी पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा.

संकेतस्थळावरून तयार आकडा घेता येतो, पण एकदा स्वतः काढून पाहिला की नंतर फसगत होत नाही. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांश, ७२.८७ पूर्व रेखांश. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम.

१. रेखांशांतला फरक घ्या. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला आहे, म्हणून बेरीज: ७२.८७ + ०.४६ = ७३.३३ अंश.

२. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७ × ०.७८२ = ०.२५६.

३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार: ०.९४५ × ०.६२३ × ०.२८७ = ०.१६९.

४. दोन्हींची बेरीज ०.४२५. ज्या कोनाचा कोसाइन एवढा असतो तो कोन ६४.८७ अंश. (इथे सोयीसाठी तीनच दशांश लिहिले आहेत. गणकयंत्रावर सगळे दशांश तसेच ठेवा.)

५. एका अंशाचे ६० नॉटिकल मैल होतात. ६४.८७ × ६० = ३,८९२ नॉटिकल मैल.

६. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. म्हणजे ७,२०८ किलोमीटर.

ठरलेल्या चुका इथेच होतात. पहिली, पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह न देणे, म्हणजे बेरजेच्या जागी वजाबाकी होणे. लंडनच्या बाबतीत ही चूक साठ-पासष्ट किलोमीटरांवर निभावते, म्हणून लक्षातही येत नाही. न्यूयॉर्कला तीच चूक करा. तिथला रेखांश ७३.७८ पश्चिम. तो पूर्व धरला की मुंबई आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच रेषेत येतात आणि उत्तर निघते २,४०० किलोमीटर. खरे अंतर साडेबारा हजारांच्या आसपास आहे.

दुसरी चूक अंश-मिनिटांची. १९ अंश ५ मिनिटे म्हणजे १९.०५ होत नाही. मिनिटांना ६० ने भागायचे असते, म्हणून ते १९.०८. तिसरी चूक संगणकाच्या तक्त्यावर: तिथले साइन-कोसाइन अंश ओळखत नाहीत, त्यांना रेडियन, म्हणजे कोन मोजायचे दुसरे एकक, लागतात. आधी अंशांचे रेडियन करा, आणि शेवटी आलेला कोन परत अंशांत आणा.

चौथी चूक मैलांची. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, नॉटिकल १.८५२ चा. लंडनचे ३,८९२ नॉटिकल मैल म्हणजे जमिनीवरचे ४,४७९ मैल. एका ठिकाणी ३,८९२ आणि दुसऱ्या ठिकाणी ४,४७९ दिसले, तरी दोन्ही बरोबर असतात.

पडताळा: मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर, मुंबई–दुबई सुमारे १,९३०. तुमच्या पद्धतीने हे दोन आकडे आले, तरच पुढच्या शहरांकडे वळा.

अंतराचा हा आकडा निव्वळ कुतूहलाचा नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार विमान रद्द झाले किंवा फार उशीर झाला तर भरपाईचे टप्पे १,५०० आणि ३,५०० किलोमीटरवर ठरतात, आणि ते अंतर याच आखूड रेषेने मोजतात. भारतात मात्र विमान रद्द झाल्याची भरपाई वेळापत्रकातल्या तासांवर ठरते: एक तासापर्यंत, एक ते दोन तास आणि दोन तासांपुढे. कुठल्या देशाचा नियम लागू होतो ते पाहून त्याप्रमाणे आकडा हाताशी ठेवा.

## टप्पा ३: अंतरावरून वेळेचा अंदाज

लांब पल्ल्याची मोठी जेट विमाने ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. म्हणून लोक ७,२०८ ला ९०० ने भागतात आणि आठ तास सांगतात. त्यात तीन गोष्टी सुटलेल्या असतात.

एक, विमान आखूड रेषेवरून तंतोतंत जात नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात, लष्करी हद्दी टाळाव्या लागतात. साधारण पाच टक्के वाढवा. दोन, चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे आणि उतरल्यावर जागेवर येणे. यासाठी मी सरसकट ४० मिनिटे धरतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी दोन्ही वापरता येत नाहीत, त्यामुळे रांग लागते हे ध्यानात ठेवा. तीन, वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा हिवाळ्यात आणखी वाढतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो.

आता लंडन पुन्हा करू. ७,२०८ मध्ये पाच टक्के मिळवले की ७,५६८. समोरच्या वाऱ्यामुळे जमिनीवरचा वेग ८५० धरला तर ८.९ तास, म्हणजे ८ तास ५४ मिनिटे. अधिक ४० मिनिटे: ९ तास ३४ मिनिटे. परतीला वेग ९३० धरला तर तेच अंतर ८ तास ८ मिनिटांत, अधिक ४० मिनिटे: ८ तास ४८ मिनिटे. एकाच वाटेवर पाऊण तासाचा फरक पडला. परतीची वेळ जाण्याइतकीच धरणे ही म्हणूनच चूक आहे.

छोट्या पल्ल्याला वेग ८०० धरा. मुंबई–दिल्ली १,१४० भागिले ८००, म्हणजे १.४२५ तास. इथे थांबा. १.४२५ तास म्हणजे १ तास ४२ मिनिटे नव्हेत. दशांशाला ६० ने गुणा: १ तास २५ मिनिटे. अधिक ४०, म्हणजे २ तास ५ मिनिटे. वेळापत्रकात तुम्हाला यापेक्षा थोडे जास्त दिसेल, कारण विमानकंपन्या उशिरासाठी जागा ठेवतात. विमान 'वीस मिनिटे लवकर' उतरते ते बऱ्याचदा याच जागेतून.

सावधान: एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला ८०० लावू नका. त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास असतो. म्हणून विमानाचा प्रकार आधी लिहून घ्यायला सांगितला.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच सूत्रात बसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा पडू लागला. त्याच वर्षी जूनमध्ये इराण-इराकवरचे आकाश काही दिवस बंद होते. अशा वेळी दोन शहरांतले अंतर तेच राहते, प्रवासाचे तास मात्र बदलतात. एकाच मार्गावर भारतीय आणि परदेशी कंपनीची वेळही वेगळी निघते. म्हणून सूत्राचा आकडा अंदाज म्हणूनच वापरा. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाचे विमान गेल्या आठवड्यात रोज किती वाजता उतरले ते पाहा. माझा भरवसा त्यावर जास्त आहे.

## टप्पा ४: तिकिटावरच्या वेळेतून खरे तास

हा टप्पा घाईत उरकू नका. सगळ्यांत जास्त घोटाळे इथेच होतात.

नियम एकच: दोन्ही वेळा आधी एका घड्याळावर आणा, मग वजाबाकी करा. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावाची असते. आपण भारतात बसून हिशोब करतो, तेव्हा सगळे भारतीय वेळेत आणणे सोपे.

भारताचे घड्याळ वर्षभर बदलत नाही, ब्रिटनचे बदलते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण लंडनच्या साडेचार तास पुढे, बाकी काळात साडेपाच तास. तिकीट जुलैचे आहे, म्हणजे साडेचार.

जाताना: लंडन ०७:४० अधिक ४:३० म्हणजे भारतीय १२:१०. त्यातून ०२:३० वजा. खरे तास ९ तास ४० मिनिटे.

येताना: लंडनहून २१:३०, मुंबईत दुसऱ्या दिवशी १०:४५. निघण्याची वेळ भारतीय घड्याळात २१:३० अधिक ४:३०, म्हणजे रात्रीचे ०२:००, तारीख पुढची. १०:४५ वजा ०२:००, म्हणजे ८ तास ४५ मिनिटे. सरळ वजाबाकी केली असती तर सव्वातेरा तास आले असते.

टप्पा ३ मध्ये सूत्राने ९:३४ आणि ८:४८ आले होते. दोन्ही वाटांनी आलेले आकडे दहा-पंधरा मिनिटांच्या आत जुळले, की हिशोब बरोबर समजा. एका तासाचा फरक आला तर उन्हाळी वेळ चुकली आहे. साडेचारऐवजी साडेपाच मिळवले असते तर १० तास ४० मिनिटे आले असते, आणि तो आकडा खरा वाटण्याइतका जवळचा आहे. म्हणूनच ही चूक पकडली जात नाही.

अमेरिकेचे घड्याळ वेगळ्या दिवशी बदलते: मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. सॅन फ्रान्सिस्को साडेबारा किंवा साडेतेरा. २०२६ मध्ये ८ मार्च ते २९ मार्च या तीन आठवड्यांत अमेरिकेचे घड्याळ बदललेले आणि युरोपचे अजून बदलायचे, अशी स्थिती येते. त्या काळात युरोपमार्गे जाणार असाल तर प्रत्येक टप्प्याचा फरक वेगळा तपासा. सिडनीला उलट: तिथला उन्हाळा आपल्या थंडीत, तेव्हा फरक साडेपाच तास, एरवी साडेचार. दुबई वर्षभर दीड तास मागे, सिंगापूर वर्षभर अडीच तास पुढे.

घरात मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे औषध घेणारे कोणी प्रवास करणार असेल, तर डॉक्टरांकडे जाताना हेच खरे तास लिहून न्या. 'सकाळी पोचतील' एवढ्यावर डॉक्टर वेळ ठरवू शकत नाहीत. दोन डोसांमध्ये प्रत्यक्ष किती तास जाणार, हे त्यांना लागते.

## टप्पा ५: तारीख

मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ जुलै, बुधवार, ०२:३० याचा अर्थ मंगळवारची रात्र. मंगळवारी जेवून विमानतळावर पोचायचे असते. बुधवारी रात्री बॅगा घेऊन निघालेले कुटुंब माझ्या ओळखीत आहे. विमान सुटून तेव्हा वीस तास उलटले होते.

म्हणून कागदावर वेळेशेजारी वार लिहा, आणि '१४ मंगळवारची रात्र उजाडताना १५' असे स्पष्ट शब्दांत लिहा. पोचण्याच्या वेळेपुढे अधिक एक असे चिन्ह असेल तर तारीख एकाने पुढे, अधिक दोन असेल तर दोनाने. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून रात्री निघालेला माणूस मुंबईत बहुधा तिसऱ्या तारखेला उतरतो. घ्यायला जाणाऱ्याला निघण्याची तारीख सांगू नका, फक्त उतरण्याची सांगा.

## टप्पा ६: मधला थांबा

थांब्याची वेळ काढणे सगळ्यांत सोपे, कारण उतरणे आणि निघणे एकाच गावच्या घड्याळात असते. सरळ वजाबाकी करा. इथे कुठलाही फरक मिळवायचा नाही, आणि नेमका इथेच लोक तो मिळवतात.

उदाहरणादाखल जुलैतला दुबईमार्गे प्रवास. मुंबई ०४:३०, दुबई ०६:१५. दुबईहून ०८:००, लंडन १२:३०. पहिले विमान: दुबईचे ०६:१५ म्हणजे भारतीय ०७:४५, म्हणून ३ तास १५ मिनिटे. थांबा: १ तास ४५ मिनिटे. दुसरे विमान: जुलैत दुबई लंडनच्या तीन तास पुढे, म्हणून ७ तास ३० मिनिटे. बेरीज १२ तास ३० मिनिटे.

पडताळा: शेवटची वेळ भारतीय करा, १२:३० अधिक ४:३०, म्हणजे १७:००. त्यातून ०४:३० वजा. उत्तर १२:३०. तुकड्यांची बेरीज आणि ही वजाबाकी जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर कुठल्यातरी टप्प्यात घड्याळाचा फरक चुकला.

तास पुरेसे दिसले तरी दोन प्रश्न विचारा. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत का? वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर पहिल्याला उशीर झाल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, शिवाय सामान काढून पुन्हा द्यावे लागते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. दुसरा प्रश्न परतीचा: परदेशातून दिल्लीत उतरून पुढे पुण्याला किंवा नागपूरला जाणार असाल, तर साधारणपणे दिल्लीतच सामान घेऊन कस्टममधून बाहेर पडावे लागते आणि ते पुन्हा जमा करावे लागते. बॅगेवर पुण्याची पट्टी असली तरी. तिथे दीड तासाचा थांबा मी कोणालाही घेऊ देत नाही. तीन तासांखाली असेल तर पुढचे विमान निवडा.

## टप्पा ७: दारापासून दारापर्यंत, उलट्या क्रमाने

शेवटचा हिशोब पुढून मागे करायचा. साताऱ्याहून निघणाऱ्यांचे उदाहरण घेऊ, कारण अशांनाच हा हिशोब जास्त लागतो.

विमान ०२:३० ला. टर्मिनल दोनवर साडेतीन तास आधी, म्हणजे मंगळवारी रात्री ११ ला. साताऱ्याहून सुमारे अडीचशे किलोमीटर, गाडीने साडेपाच तास धरा: सायंकाळी ५:३०. जुलै महिना, बोरघाटात पाऊस आणि अवजड गाड्या, म्हणून दोन तास राखीव: दुपारी ३:३०. हीच घरातून निघण्याची वेळ.

आता पुढची बाजू. हीथ्रोला ०७:४० ला उतरणे, पासपोर्टची रांग आणि सामान मिळून दीड तास, मुलाच्या घरापर्यंत पाऊण तास. दहाच्या सुमारास दार उघडेल. भारतीय घड्याळात दुपारचे अडीच. मंगळवार दुपारी साडेतीन ते बुधवार दुपारी अडीच, म्हणजे तेवीस तास. जेवण, औषधे, पाय मोकळे करणे, चाकाची खुर्ची हवी का, हे सगळे या तेवीस तासांवर बेतायचे. खुर्ची हवी असेल तर ती तिकीट काढतानाच सांगा, विमानतळावर पोचून मागू नका.

झाले की घ्यायला येणाऱ्याला एकच ओळ पाठवा, त्याच्या घड्याळात आणि वारासकट: 'बुधवार १५ जुलै, सकाळी ०७:४०, हीथ्रो, टर्मिनल अमुक, विमान क्रमांक अमुक, बाहेर यायला नऊ वाजतील.' त्याने वार आणि टर्मिनल उलट लिहून कळवले, की मगच कागद घडी करून आईच्या पर्समध्ये ठेवा.